बूचकाका आणि मावशीची वाकडी खिडकी

माझ्या सासऱ्यांना गावात सगळे बूचकाका म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं. एखाद्याला पैलवान म्हटल्यावर त्याची छाती जशी फुगते तशी यांची बूच म्हटल्यावर फुगते. मी त्यांना मामंजी म्हणते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांना घाबरून राहायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. तो बेत पहिल्याच हिवाळ्यात बारगळला, आणि कसा बारगळला त्याचीच ही हकिगत आहे. सासूबाई आत्ता माझ्या शेजारी बसून शर्टांना बटणं लावताहेत म्हणून मला हसत हसत लिहिता येतंय. त्या हिवाळ्यात त्यांचा जीव जायची वेळ आली होती. जीव घ्यायला कोणी चोर-दरोडेखोर आला नव्हता. त्यांच्याच नवऱ्याने मायेने आणलेला हीटर होता, आणि त्याहून अधिक मायेने बंद केलेली खिडकी होती.

मामंजींचा धंदा वारा अडवायचा. आमच्याकडे थंडी लांबलचक आणि घरं जुनी. खिडक्यांची लाकडं उन्हात आकसतात, ओलीने फुगतात, आणि या आकसण्या-फुगण्यात कुठेतरी फट पडतेच. त्या फटीवर आमचं घर चालतं. सायकलच्या मागे लाकडी पेटी बांधून मामंजी सकाळी निघतात. पेटीत काचेच्या कडेला भरायच्या पुट्टीचा डबा, नमद्याच्या म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या आणि रबराच्या पट्ट्या, रंधा, पटाशी, घडीची मोजपट्टी, आणि एका स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली मेणबत्ती. दुकानाच्या पाटीवर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलंय: ‘येथे वारा अडवून मिळेल.’

ती मेणबत्ती म्हणजे त्यांचा हुकमाचा पत्ता. काम संपलं की ते घरातल्या सगळ्यांना खिडकीपाशी उभं करतात, मेणबत्ती पेटवतात आणि चौकटीच्या कडेकडेने फिरवतात. बोलायचं नाही, खोकायचं नाही, लहान मूल असेल तर त्याचं तोंड धरायचं. ज्योत जरा जरी हलली तर मामंजींचा चेहरा पडतो आणि पुन्हा पटाशी निघते. ज्योत शेवटपर्यंत ताठ राहिली की ते मेणबत्ती फुंकतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, “झालं! हवा मेली!” लोक टाळ्या वाजवतात. खोटं सांगत नाही, मी स्वतः वाजवल्यात.

जगातल्या यच्चयावत दुखण्यांचं मूळ त्यांच्या मते एकच, झुळूक. सर्दी झुळुकीने होते हे कोणीही म्हणेल, पण मामंजींचा अभ्यास दांडगा. गुडघे झुळुकीने जातात, पोरं झुळुकीने नापास होतात. समोरच्या बिऱ्हाडातलं जोडपं वेगळं झालं तेव्हा ते मान हलवत म्हणाले, “त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी मी पाहिली होती. टिकणारच नव्हतं ते.”

या विजयी कारकिर्दीत त्यांचा एकच पराभव झालाय. सासूबाईंची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, दोन गल्ल्या सोडून एकटी राहते. तिच्या खोलीच्या खिडकीची चौकट वाकडी आहे. कितीही दाबा, झडप पूर्ण लागत नाही, खाली वीतभर उघडीच राहते आणि जोर लावला तर हातभर उघडते. तिचं मांजर तिथूनच जाऊन-येऊन असतं. मामंजींनी ती खिडकी फुकट दुरुस्त करून द्यायची तयारी दाखवली, मिनतवाऱ्या केल्या, एकदा तर पेटी घेऊन थेट दारात उभे राहिले. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “भावजी, मग माझं मांजर काय बेल वाजवून येणार?” तेव्हापासून मामंजी मावशीच्या गल्लीतून जाताना मान दुसरीकडे फिरवतात. सख्ख्या मेव्हणीच्या घरात अशी खिडकी असणं म्हणजे डॉक्टरच्या घरात खरूज, असं त्यांचं म्हणणं.

तर त्या वर्षी वीज वेळी-अवेळी जायला लागली. विजेची शेगडी बिनकामाची झाली आणि मामंजींनी रॉकेलवर चालणारा हीटर घ्यायचं ठरवलं. ते आणि मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मी गेले ती हीटरचा दुसरा कान धरून उचलायला. हीटर देखणा होता. गोल टाकी, वर जाळी, मधे वात, आणि पेटला की जाळी लालबुंद. दुकानदाराने वात वर-खाली करून दाखवली, रॉकेल कुठे भरायचं ते दाखवलं, आणि म्हणाला, “काका, भरताना विझवून, गार करून, बाहेर नेऊन भरायचं. आणि हा चालू असताना खोलीची खिडकी थोडी उघडी ठेवायची हं. तसं पुस्तिकेतही लिहिलंय.”

मामंजी त्याच्याकडे असे बघत राहिले की जणू त्याने त्यांना भर चौकात विजार काढायला सांगितली.

“या दुकानाच्या खिडक्या कोणी बसवल्या?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच की.”

“वारा येतो?”

“नाही बुवा.”

“मग मला खिडकी उघडायला सांगतोस?”

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी नवी सून. मूग गिळून उभी राहिले. त्याने पावती फाडली आणि विषय संपला.

घरी आल्यावर मामंजींनी हीटरसाठी मधली खोली निवडली, कारण ती त्यांच्या हातची सगळ्यात उत्तम खोली. दाराच्या खाली नमदा, खिडकीला दुहेरी रबर. एका कोपऱ्यात अगदी बारीक फट राहिली होती, तिथे त्यांनी हीटरसोबत आलेली पुस्तिका घडी करून ठासली. जाडी अगदी बरोबर बसली म्हणून दिवसभर खूश होते. मग मेणबत्ती झाली, हवा मेली, टाळ्या झाल्या.

हीटर वापरण्याचे त्यांचे नियम फार कडक होते, हे मला त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. वातीच्या खुंटीला त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. खोलीत शिरल्यावर दार एका दमात लावायचं, उंबऱ्यात रेंगाळायचं नाही. हीटरकडे पाठ करून बसायचं नाही, कारण तो अपमान आहे. बाकी जाळीवर मोजे वाळत घातलेले चालायचे. पडद्याचं टोक टाकीला टेकलेलं चालायचं. रॉकेल संपत आलं की मामंजी हीटर पेटलेला असतानाच नरसाळं लावून वरून ओतायचे. का, तर विझवला की वास सुटतो आणि वास घालवायला खिडकी उघडावी लागते. माझा नवरा मालाची गाडी चालवतो, रस्त्यावर रोज अपघात बघतो. त्याने एकदा दबक्या आवाजात म्हटलं, “बाबा, विझवून भरा ना.” मामंजी म्हणाले, “तू ब्रेक लावून गाडी चालवतोस का?” त्याने गाडीची किल्ली उचलली आणि बाहेर गेला.

घरातली माणसं दिवसा कुठे असतात ते सांगते, त्याला महत्त्व आहे. मामंजी लोकांच्या खिडक्यांत, म्हणजे थंड हवेत. नवरा गाडीवर. मी शर्ट शिवायच्या कारखान्यात. घरात राहायच्या त्या एकट्या सासूबाई. मी कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे घरी आणायची आणि त्या मधल्या खोलीत हीटरशेजारी बसून काजं-बटणं करायच्या. हात असा सफाईदार की आमच्या मुकादमाने कधी त्यांचा शर्ट उलटूनही पाहिला नव्हता.

थंडी वाढली तसं सासूबाईंचं डोकं दुखायला लागलं. आधी दुपारी दुखायचं, मग उठल्यापासून. मळमळायचं, जेवण नको व्हायचं. मामंजींनी लगेच निदान केलं, चष्म्याचा नंबर. चष्मा बदलला. डोकं दुखतच राहिलं. मग ते पित्त झालं. मग वय झालं. गल्लीतल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या घेऊन त्या पुन्हा हीटरपाशी जाऊन बसल्या, कारण आजारी माणसाने उबेत बसावं हे कोणालाही कळतं.

आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र त्या मावशीकडे जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या त्या गुणगुणत. चेहरा तजेलदार, दोन घास जास्त जेवायच्या. मामंजींच्या हे बरोबर लक्षात आलं. त्यांची नजर कारागिराची, बारीकसारीक काही सुटत नाही. फक्त अर्थ तेवढा चुकला. एकदा घरी पाहुणे बसलेले असताना ते म्हणाले, “आमच्या हिचं डोकं फार हुशार आहे बरं का. बहिणीचं तोंड पाहिलं की बरं, माझं तोंड पाहिलं की दुखतं! नाटक कंपनीत जायला हवी होती ही.” सगळे खो खो हसले. सासूबाईही हसल्या. त्यानंतर डोकं दुखतं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. बोटांनी कपाळ दाबत बसायच्या, आणि कोणी आलं की हात खाली घ्यायच्या.

मला राग यायचा. नाकावर राग ही माझी माहेरची ओळख, आणि सासरी ती लपवता लपवता माझा जीव मेटाकुटीला आला होता. त्यातून सुटीच्या दिवशी मी घरी असले की माझंही डोकं जड व्हायचं, उमासे यायचे. शेजारणी माझ्या पोटाकडे बघून गालातल्या गालात हसायला लागल्या. एकीने तर लोकरीचे पायमोजे विणायला घेतले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेले की मी ठणठणीत.

अशाच एका सुटीला मला दुकानदाराचं बोलणं आठवलं आणि मी मधल्या खोलीची खिडकी बोटभर उघडली. सासूबाईंनी घाबरून माझा हात धरला. “अगं नको, त्यांना कळेल.” मामंजी मागच्या पडवीत रंध्याला धार लावत होते. मधे दोन दारं. तरी तिथून आरोळी आली, “घरात कुठेतरी हवा जिवंत आहे!” ते आले, खिडकी लावली, माझ्याकडे पाहिलं आणि पेटीतून स्क्रू काढून झडप चौकटीला कायमची आवळून टाकली. “थंडी संपली की काढू,” म्हणाले. नवऱ्याला मी त्या दिवशी सगळं सांगितलं. तो विचार करून म्हणाला, “तुझंही बरोबर आहे आणि बाबांचंही बरोबर आहे.” माझ्या नवऱ्याला दोन्ही बाजू दिसतात. रस्त्यावर हा गुण उपयोगी असेल.

मग शर्ट परत यायला लागले. पहिल्यांदा एकच आला, एक बटण वर-खाली. मुकादमाने हसून सोडून दिलं. पुढच्या गठ्ठ्यात तीन. आणि एका सकाळी त्याने अख्खा गठ्ठा माझ्या मशीनवर आदळला. बटणं जिथे असतात तिथे नव्हतीच. काजांच्या पट्टीवर, काजांच्या डोक्यावर, एकाखाली एक नीट टाके घालून लावली होती. “तुझ्या सासूला डोळे आहेत का?” त्याने सगळ्यांसमोर विचारलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारच्या सुटीत गठ्ठा काखेत मारून मी तरातरा घरी निघाले. सासूबाईंना काय काय बोलायचं ते वाटेत जुळवत होते. तिखट बोलणं मला सुचायला वेळ लागत नाही.

मधल्या खोलीचं दार लागलेलं होतं. हाक मारली, उत्तर नाही. दार ढकललं तर नमद्यामुळे घट्ट बसलेलं, खांद्याने रेटावं लागलं. आत ऊब होती. लालबुंद जाळी, वर मोजे, धूर नाही, वास नाही. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर शर्ट, हातात सुई, आणि मान छातीवर पडलेली. मला वाटलं डोळा लागलाय. हलवलं तर त्या एका कुशीवर कलंडल्या. डोळे अर्धे उघडे, आणि त्यांत ओळख नव्हती.

आधी काय केलं आणि मग काय, ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांच्याखालच्या सतरंजीची दोन टोकं धरून मी त्यांना ओढत ओढत ओसरीवर नेलं, एवढं आठवतं. शेजारीण ओरडली आणि तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. मी श्वास धरून पुन्हा आत गेले. जिला हात लावायचा नाही ती खुंटी फिरवून वात खाली केली. खिडकी उघडायला गेले तर स्क्रू. तेव्हा शेल्फावरची इस्त्री उचलली आणि काचेवर घातली. आयुष्यात इतकं समाधान मला दुसऱ्या कोणत्याही कामाने दिलेलं नाही. बाहेर येऊन त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. आई, आई, म्हणत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी ओठ हलवले आणि म्हणाल्या, “शर्ट राहिलाय.” मी मोठ्याने रडले.

रुग्णवाहिका आली आणि पाठोपाठ सायकलवरून मामंजी आले. कोणीतरी त्यांना बोलावून आणलं होतं. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग घराकडे. फुटक्या काचेतून पडदा बाहेर फडफडत होता. माणूस गोंधळला की तोंडाला सवयीचं तेच येतं असं आता मी म्हणेन, तेव्हा म्हटलं नसतं. ते म्हणाले, “अरे, ती खिडकी! कोणीतरी आधी ती बुजवा, घर गार पडेल!”

“मामंजी,” मी म्हणाले, “गाडीत बसा.”

आवाज माझ्या माहेरचा होता. ते पेटीसकट गाडीत बसले.

दवाखान्यात सासूबाईंच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवला, रक्त काढलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्या वही घेऊन आमच्यासमोर बसल्या. “घरात काही जळतं का?”

“हीटर आहे,” मामंजी म्हणाले. “पण त्याचं काही नसणार. धूर नाही, वास नाही, एक नंबर चालतो.”

“कशावर चालतो?”

“रॉकेलवर.”

“आणि खोलीची खिडकी?”

त्या परिस्थितीतही मामंजींचा चेहरा उजळला. “खिडकीची तुम्ही काळजीच सोडा डॉक्टर. हवेचा कण आत जात नाही. मी स्वतः केलीय.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी आवाज चढवला नाही. जे जळतं त्याला हवा लागते, म्हणाल्या, आणि हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, धूर नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो, मग झोपतो, आणि कोणी वेळेवर आलं नाही तर उठत नाही. “आत येत नाही तशी तुमच्या खोलीतून हवा बाहेरही जात नाही ना, काका?”

मामंजींनी पेटीतून मेणबत्ती काढली आणि ती नुसतीच हातात धरून बसले. “ज्योत हलत नव्हती,” म्हणाले. “मी बघितली होती. अजिबात हलत नव्हती.”

दुसऱ्या दिवशी सासूबाई उशीला टेकून बसल्या. मावशी हातात डबा घेऊन पायथ्याशी होती. मामंजी भिंतीजवळ उभे होते, कारण खुर्चीवर बसा म्हणायला कोणाला सुचलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आजी, घराबाहेर पडलं की बरं वाटायचं का?”

सासूबाईंनी आधी मामंजींकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. मग हळूच म्हणाल्या, “बहिणीकडे गेले की बरं वाटायचं. पण डॉक्टर, मी नाटक नव्हते हो करत.”

“नाटक कोण म्हणालं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मामंजी दवाखान्याच्या खिडकीकडे बघायला लागले. मी मामंजींकडे रागाने बघायचं ठरवलं होतं, पण माझ्याच डोळ्यांत पाणी आलं आणि ते जमलं नाही. एक बाई हिवाळाभर मरायला टेकलेली असते आणि तिला वाटतं आपलं दुखणं खरं आहे हे आपल्यालाच सिद्ध करावं लागणार. असं कोणाचं होऊ नये.

मावशीला मात्र गप्प बसणं कधी जमलेलं नाही. ती म्हणाली, “पण माझ्याकडेही तसलाच हीटर आहे की! यांच्याहून जुना. ताई दिवसभर त्याच्याशेजारी बसायची. मग तिथे कसं नाही झालं काही?”

“तुमची खिडकी उघडी असते का?”

“उघडी कसली,” मावशी म्हणाली, “ती मेली लागतच नाही.”

मी मामंजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ज्या खिडकीवरून त्यांनी मान फिरवली होती, जिला पाहून त्यांना शरम वाटायची, ती आठवड्यातून एकदा त्यांच्या बायकोला जिवंत करून परत पाठवत होती. हे त्यांच्या डोक्यात शिरताना दिसत होतं. एकदम शिरलं नाही. घट्ट दारासारखं, रेटा देत देत शिरलं.

सासूबाई दवाखान्यात होत्या तेवढे दिवस मधल्या खोलीची काच तशीच फुटकी राहिली. नवऱ्याने पुठ्ठा लावायला घेतला तर मामंजी म्हणाले, “राहू दे.” ते त्याच खोलीत त्या वाऱ्यात गोधडी पांघरून बसायचे आणि शिंकायचे. आपल्याला शिक्षा करून घेत होते की वाऱ्याची ओळख करून घेत होते, मी विचारलं नाही.

सासूबाई घरी यायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, “सूनबाई, जरा मावशीकडे येतेस माझ्याबरोबर?” स्वतःहून त्या गल्लीत जाताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. पेटी घेतली होती. मावशीने दारातच कमरेवर हात ठेवले.

“काय भावजी, एवढं होऊनही बुजवायला आलात?”

“नाही,” मामंजी म्हणाले. “माप घ्यायला आलोय.”

मावशी बाजूला झाली. मामंजी त्या वाकड्या खिडकीसमोर गुडघ्यांवर बसले, घडीची मोजपट्टी उलगडली आणि झडपेखालची फट मोजायला लागले. या टोकाला, त्या टोकाला, मधे. मांजर आलं, पट्टीवरून उडी मारून बाहेर गेलं, तरी ते हलले नाहीत. मग मेणबत्ती पेटवून फटीपाशी धरली. ज्योत थरथरली, वाकली, जवळजवळ विझली. मावशी आणि मी श्वास रोखून उभ्या होतो, सवयच ती. “हं,” ते म्हणाले, “अशी पाहिजे.” टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

आता आमच्या मधल्या खोलीच्या झडपेखाली सागवानाचा एक ठोकळा पक्का बसवलाय, कोणी कितीही दाबलं तरी खिडकी पूर्ण लागू नये म्हणून. ठोकळ्याला पॉलिश आहे. हीटर पडद्यापासून आणि कपड्यांपासून लांब, खोलीच्या मधोमध असतो. मोजे दोरीवर वाळतात. रॉकेल भरायचं तर मामंजी हीटर विझवतात, गार होईपर्यंत वाट बघतात, ओसरीवर नेतात आणि दागिन्यांना पाणी देताना सोनार असतो तेवढ्या गंभीरपणे नरसाळं लावतात. झोपायला जाताना तो विझलाय की नाही हे स्वतः पाहतात, मग नवऱ्याला पाहायला पाठवतात, मग मला. भिंतीवर नवऱ्याने वायू शोधणारी छोटी पेटी लावलीय, तो वायू आला की ती ओरडते. मामंजींना ती आधी पटली नव्हती, मेणबत्ती आहे की, म्हणाले. मेणबत्तीला झुळूक कळते, तो वायू कळत नाही, हे मी त्यांना सांगितलं. माझं बोलणं ते हल्ली पहिल्या वेळेलाच ऐकतात.

माणूस बदलला असं समजू नका. ज्या ज्या घरी खिडक्या बुजवल्या होत्या तिथे तिथे ते जाऊन विचारत सुटले, हीटर आहे का, आणि असेल तिथे ठोकळा बसवून आले. हे चांगलं केलं. पण लोकांना सांगताना असं सांगतात की फटीचा शोध त्यांनीच लावलाय. हार्डवेअरवाल्याला त्यांनी खिडकी उघडी ठेवण्याचं महत्त्व उभ्याउभ्या पटवून दिलं. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. या वेळी मी हसले. पाटीवर आता खाली एक ओळ वाढलीय: ‘हीटर असल्यास सोडून मिळेल.’

मुकादमाला मी सगळं सांगितलं. पुढचा गठ्ठा तो स्वतः माझ्या मशीनवर हळूच ठेवून गेला. सासूबाई आता फटीजवळ बसून काम करतात. खांद्यावर शाल, पायात शेजारणीने विणलेले ते छोटे पायमोजे, तिनेच उसवून मोठे करून दिलेले. वारा लागतो, त्या कुरकुरतात, जागा मात्र सोडत नाहीत.

आणि मामंजी कामावरून आले की पेटी खाली ठेवायच्या आधी मधल्या खोलीत डोकावतात.

“डोकं दुखतंय?”

“नाही.”

“अजिबात?”

“नाही हो.”

“खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून तर नाही ना म्हणत?”

“नाही दुखत म्हटलं ना एकदा!”

मामंजी उंबऱ्यात उभे राहतात. दार उघडं असतं, हवा येत असते, त्यांना भान नसतं. मग माझ्याकडे वळून खालच्या आवाजात विचारतात, “तुला काय वाटतं सूनबाई? खरं बोलतेय का ही?”